'द विंड' (१९२८) आणि लिलियन गिश: हा सिनेमा नक्की कुणाचा?

जुनापडदा

वाऱ्याला रूप नाही, आणि मूकपटात त्याला आवाजही नाही. तरी १९२७ साली एका नटीने हट्ट धरला की वाराच जिच्या मुळावर उठतो अशा बाईची गोष्ट पडद्यावर आणायची. सिनेमा 'द विंड', नटी लिलियन गिश.

गिश म्हटलं की बोलणं दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथपासून सुरू होतं आणि बहुतेक वेळा तिथेच संपतं. 'वे डाउन ईस्ट' (१९२०) मधली ती वाहत जाणारी बर्फाची लादी, गार पाण्यात सोडलेला हात आणि केस, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हात पाण्यात सोडायची कल्पना तिचीच, आणि त्या हाताच्या बोटांनी तिला पुढे जन्मभर त्रास दिला. पण मला बोलायचंय ते ग्रिफिथनंतरच्या गिशबद्दल. कारण 'द विंड'च्या बाबतीत तिला नुसतं 'प्रमुख भूमिकेत' म्हणून सोडून देणं मला तरी पटत नाही.

१९२५ मध्ये ती हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओकडे आली तेव्हा कथा आणि दिग्दर्शक निवडताना तिच्या शब्दाला वजन होतं. 'ला बोहेम'साठी (१९२६) तिने किंग व्हिडॉरला मागून घेतलं. मग 'द स्कार्लेट लेटर' (१९२६). या कादंबरीला चर्चवाल्यांचा आणि महिला मंडळांचा विरोध होईल म्हणून स्टुडिओ बिचकत होता. बाईंनी स्वतः पत्रव्यवहार करून, जबाबदारी अंगावर घेऊन तो अडसर दूर केला. त्या सिनेमाला दिग्दर्शक म्हणून तिने निवडला स्वीडनचा व्हिक्टर शोस्त्रोम, आणि समोर नायक लार्स हॅन्सन, तोही स्वीडिश. हे त्रिकूट जमलं ते जमलंच.

आता 'द विंड'. डोरोथी स्कारबरोची ही कादंबरी १९२५ साली निनावी प्रसिद्ध झाली. टेक्सासातलं स्वीटवॉटर, १८८०च्या दशकातला दुष्काळ, आणि व्हर्जिनियाच्या हिरव्यागार मुलखातून तिथे आलेली लेटी नावाची अनाथ पोरगी. टेक्सासचे लोक भडकले. आमच्या भागाची बदनामी करणारा हा कोण उपटसुंभ? पुढच्या आवृत्तीवर नाव आलं तेव्हा कळलं की लेखिका टेक्सासचीच, लहानपणी स्वीटवॉटरमध्ये राहिलेली, आणि कोलंबिया विद्यापीठात शिकवणारी.

गिशने कादंबरी वाचली, चार पानी टिपण केलं आणि एमजीएमचा निर्मितीप्रमुख आयर्विंग थॅलबर्गपुढे ठेवलं. तो तयार झाला. दिग्दर्शक शोस्त्रोम हवा, नायक हॅन्सन हवा, हेही तिनेच सांगितलं. पटकथा लिहिली फ्रान्सिस मॅरियनने. म्हणजे कादंबरी बाईची, पटकथा बाईची, आणि जमवाजमव करणारीही बाईच. श्रेयनामावलीत 'निर्माती' म्हणून गिशचं नाव शोधायला गेलात तर सापडणार नाही.

चित्रीकरण १९२७च्या वसंतात, कॅलिफोर्नियातल्या मोजावेच्या वाळवंटात. वारा आणला विमानाच्या आठ पंख्यांनी. त्यापुढे वाळू आणि भुसा टाकायचा, शिवाय धूर करायला गंधकाची भांडी. कामगार मंडळी लांब बाह्यांचे कपडे, गॉगल, तोंडाला रुमाल अशा बंदोबस्तात. गिश मात्र उघड्या चेहऱ्याने आणि उघड्या डोळ्यांनी त्या माऱ्यासमोर, कारण कॅमेऱ्याला तिचे डोळेच तर हवे होते. डोळे जायची वेळ आली होती असं तिने नंतर सांगितलंय. उष्णता १२० अंश फॅरनहाइट (४९ सेल्सिअस) असल्याचंही तीच सांगते. उन्हात तापलेल्या दाराच्या मुठीला हात लागला आणि तळव्याची कातडी सोलवटून निघाली. फिल्मवरचा लेप उष्णतेने सुटायला लागला म्हणून रिळं बर्फात गोठवून, तशीच थंड ठेवून कल्व्हर सिटीच्या प्रयोगशाळेत पाठवावी लागत.

आणि इतकं करून सिनेमा पडला! १९२७च्या ऑक्टोबरात 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला होता. 'द विंड' नोव्हेंबर १९२८मध्ये, संगीत आणि वाऱ्याबिऱ्याच्या आवाजांची जोड देऊन प्रदर्शित झाला, तोवर लोकांना बोलणारी माणसं हवी होती. स्टुडिओच्या वहीत ८७ हजार डॉलरचा तोटा. गिशचा प्रदर्शित झालेला हा शेवटचा मूकपट.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी लिहा. न पाहिलेल्यांनी पुढचे प्रतिसाद जपून वाचा, शेवटाची चर्चा होणारच.

पामडेलकर

अरे वा, आमच्या परसातला सिनेमा! गेली कित्येक वर्षं मी अँटिलोप व्हॅलीत राहतो, मोजावे गाव इथून गाडीने तासाभराच्या आत.

वाऱ्याबद्दल सांगतो. इथे वसंतात दुपार कलली की वारा सुटतो, आणि तो झुळूक वगैरे प्रकार नसतो. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं, नाहीतर बिजागरीसकट उलटं जातं. तेहाचापीच्या डोंगरावर पवनचक्क्यांचं जंगल उगाच नाही उभारलेलं. नवीन आलेली माणसं पहिल्या वर्षी हमखास विचारतात, "हा थांबतो कधी?" सिनेमात आगगाडीतला तो प्रवासी, वर्ट रॉडी, लेटीला म्हणतो ना, की या वाऱ्याने इथल्या बायका वेड्या होतात, ते वाक्य आमच्याकडे विनोद म्हणून चालतं, पण हसताना जरा जपूनच हसतात.

पण ४९ अंशाचं मला पचत नाही. एप्रिल-मेमध्ये इथे पारा फार तर पस्तिशी-चाळिशीपर्यंत चढतो. सावलीतले ४९ म्हणजे डेथ व्हॅलीचा जुलै. उन्हात ठेवलेल्या थर्मामीटरवर दिसले असतील, किंवा सांगता सांगता वाढले असतील. मुठीचं मात्र शंभर टक्के खरं. उन्हात उभ्या गाडीच्या पट्ट्याच्या बकलने मला स्वतःला चटका बसलेला आहे, मेमध्येच.

रेवातीर

धागा आवडला, पण माझी एक जुनी तक्रार मांडते. गिशबद्दल कुणीही लिहिलं की तिचे हाल आधी येतात. बर्फात हात घातला, वाळू खाल्ली, 'ला बोहेम'च्या मरणाच्या दृश्यासाठी दिवसचे दिवस पाणी प्यायली नाही. ठीक आहे, सोसलं. पण सोसणं हा अभिनय नव्हे. पंख्यासमोर कुणालाही उभं करा, त्याचे डोळे चुरचुरणारच.

मला विचाराल तर या सिनेमातली गिश दिसते ती घरातल्या दृश्यात. लग्नाची पहिली रात्र. तिने लायज हायटॉवरशी नाइलाजाने लग्न केलंय, कारण मावसभावाच्या बायकोने, कोराने, तिला घराबाहेर काढलंय आणि रॉडीकडे जावं तर तो आधीच लग्न झालेला निघतो. लायज अडाणी आहे, रांगडा आहे, पण वाईट नाही. तो तिला कॉफी देतो. तिच्या घशाखाली ती उतरत नाही, आणि त्याला दुखवायचंही नाही, म्हणून त्याची पाठ वळल्यावर हळूच ओतून टाकते. बस, एवढंच. पण ते ओतताना तिच्या खांद्याकडे बघा. चोरी करणाऱ्या लहान मुलीसारखे वर आलेले, आणि चेहऱ्यावर यजमानीणबाईचं हसू तसंच ठेवलेलं.

मग शोस्त्रोम काय करतो, तर चेहरेच काढून घेतो. दाराच्या अलीकडे तिची पावलं, पलीकडे त्याचे बूट. येरझाऱ्या. थांबणं. पुन्हा येरझाऱ्या. दोघांच्याही मनात काय चाललंय ते संवादाच्या एकाही पाटीविना कळतं. त्याने तिला जवळ ओढल्यावर ती तोंड पुसते, आणि त्याला तेव्हा समजतं की हिला आपली किळस आहे. यानंतर तो सांगतो की तुला हात लावणार नाही, पैसे जमवून तुला परत पाठवतो. बलात्कार आणि खून असलेल्या सिनेमात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करून गेलं ते हे कॉफीचं प्रकरण.

नांगरट

रेवातीर, +१. त्यात माझं एक दृश्य जोडतो: कोराचं. ती घरात गुराचं धूड टांगून कापतेय, हात रक्ताने माखलेले. तिची मुलं लेटीभोवती. आई हाक मारते तर पोरं तिच्या हाताकडे बघून मागे सरकतात. कोराला खलनायिका करणं सोपं होतं. पण तिथे मला कळलं की ही बाई दुष्ट नाहीये, ती त्या मुलखात मरमर राबून अशी झालीये, आणि आता ही गोरीपान पाहुणी येऊन हात न मळवता तिची पोरं आणि नवरा दोन्ही पळवतेय. डोरोथी कमिंगने काम फार चांगलं केलंय. तिचं नाव कुणी घेत नाही म्हणून इथे घेतो.

आम्ही मराठवाड्यातले. वैशाखातला फुफाटा म्हणजे काय ते सांगायला नको. दारंखिडक्या लावून घेतल्या तरी भाकरीत कचकच लागायचीच. सिनेमात पावावर वाळू, अंथरुणावर वाळू, भांडी घासायला पाण्याऐवजी वाळू. पंख्यांचं जाऊ द्या, हे घरात शिरणारं बारीक बारीक जे दाखवलंय ना, त्याने वारा खरा वाटतो.

खवट

सगळे आरती ओवाळताय म्हणून थोडा खवटपणा करतो, नाव सार्थ करायला हवं.

एक, ही तीच गिश जी 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये (१९१५) होती, ज्याने कू क्लक्स क्लान या काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या टोळीला वीर ठरवलं. त्याबद्दल बाईंनी पुढे कधी मनापासून खंत केल्याचं दिसत नाही. ग्रिफिथची पाठराखणच केली.

दोन, 'द विंड'मध्ये उत्तरेचा वारा म्हणजे ढगांतून उधळत येणारा पांढरा घोडा, आणि ही म्हणे अमेरिकेतल्या मूळच्या इंडियनांची समजूत. तिथले मूळ लोक सिनेमाभर नावालाही नाहीत, फक्त त्यांची भुताटकी वापरायला घेतलीये.

तीन, मूळ धाग्यात 'जमवाजमव करणारीही बाईच' असं कौतुकाने लिहिलंय. पैसा एमजीएमचा होता. ज्याचा पैसा त्याचा सिनेमा.

जुनापडदा

खवट, पहिल्याबद्दल वाद नाही. दुसऱ्याबद्दल, आक्षेप रास्त आहे, पण घोडा म्हणून काय सुंदर आहे! शोस्त्रोमने १९२१च्या 'कॉर्कार्लेन' या स्वीडिश सिनेमात मृत्यूची गाडी एकावर एक छाया टिपून दाखवली होती, तीच युक्ती इथे. न दिसणाऱ्या गोष्टीला पडद्यावर अंग द्यायचं यात त्याचा हातखंडा होता.

तिसरं मात्र मान्य नाही. थॅलबर्गकडे पैसा होताच, पण त्या पैशाने वाळवंटात जाऊन एका बाईच्या भीतीवर सिनेमा करावा हे त्याला स्वतःहून सुचलं नसतं. उलट गिशने आठवण सांगितलीये की स्टुडिओतून तिला सुचवण्यात आलं, तुझी प्रतिमा फार सोज्वळ झालीये, आपण एखादं लफडं उठवू या का, म्हणजे गल्ला वाढेल. तिने नकार दिला. त्याच आवारात १९२५ पासून ग्रेटा गार्बो होती, हॅन्सनबरोबर 'फ्लेश अँड द डेव्हिल' (१९२६) करून मोकळी झालेली. त्याच काळातली नटी लुईस ब्रूक्स हिने पुढे एका लेखात म्हटलं की स्टुडिओला महागडी आणि स्वतःचं मत असलेली गिश नकोशीच झाली होती, स्वस्तातली गार्बो हवी होती. ब्रूक्सबाईंचा स्वतःचा स्टुडिओंवर राग होता हे धरूनही, आकडेमोड त्या दिशेचीच दिसते.

पामडेलकर, ४९ अंशाचा आकडा गिशच्याच तोंडचा आहे, मी तसंच लिहिलंय. तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे.

तिसरीघंटा

शेवटावर कुणीच कसं आलं नाही अजून? मीच येते. (न पाहिलेल्यांनी खाली जाऊ नये.)

कादंबरीत लेटीने रॉडीला मारल्यावर, त्याला पुरल्यावर वारा त्याच्यावरची वाळू उडवून लावतो आणि लेटी वेड्यासारखी वादळात निघून जाते. संपलं. सिनेमात लायज परत येतो, आणि तिला सांगतो की न्यायाने मारलेल्याचं प्रेत वारा झाकून टाकतो. मग ती म्हणते की आता मला वाऱ्याची भीती नाही, आणि दोघं उघड्या दारात वारा अंगावर घेत उभे.

गिश जन्मभर सांगत राहिली की आम्ही दुःखान्त शेवटच केला होता, पण मोठमोठ्या थिएटरमालकांनी तो नाकारला आणि आम्हाला गोड शेवट जोडावा लागला. ही कथा इतक्या वेळा छापून आलीये की ती गृहीतच धरली जाते. पण ज्या अभ्यासकांनी स्टुडिओची कागदपत्रं तपासली त्यांच्यापैकी काहींचं म्हणणं असं की दुःखान्त शेवट कधी चित्रित झाल्याचा पुरावाच नाही.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण 'दुष्ट व्यापारी विरुद्ध बिचारे कलावंत' ही गोष्ट आपल्याला फार आवडते. कुठलाही सिनेमा फसला की आपण ती लावून मोकळे होतो.

रेवातीर

शेवट कुणी का लावेना, मला तो वाटतो तितका खोटा वाटत नाही. पहिल्यापासून लायज हा तिला परत पाठवण्यासाठी पैसे जमवणारा माणूस आहे. ती त्याच्या प्रेमात पडते हे पहिल्या रात्रीच्या येरझाऱ्यांमध्येच पेरलेलं आहे. खटकतं ते इतकंच की सगळं दोन मिनिटांत होतं. आत्ता डोळे खोबणीतून बाहेर यायची वेळ आलेली, खिडकीतून वाळूखालचं प्रेत उघडं पडताना पाहणारी बाई, आणि लगेच दारात केस उडवत हसरी. गिशला इतक्या झपाट्याने उतरणं जमलंय, बघणाऱ्याला जमत नाही.

खिडकीचं ते दृश्य मात्र शंभर वर्षांनीही अंगावर येतं. ती किंचाळत नाही, हे लक्षात घ्या. काचेला चिकटलेले दोन हात आणि न मिटणारे डोळे. किंचाळली असती तरी आपल्याला ऐकू कुठे येणार होतं, असं वाटेल. पण मूकपटातल्या बाकीच्या नट्या तोंड उघडून 'दिसेल' असं किंचाळायच्याच की. हिने ते गाळलं.

कोल्हापुरीसाज

वाचता वाचता बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) आठवला. म्हणजे पाहिलेला नाही, पाहणार कसा, प्रतच उरलेली नाही. पण काळ बघा. तिकडे स्कारबरोची कादंबरी छापली जात होती त्याच वर्षी इकडे कोल्हापुरात देवादिकांना बाजूला सारून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर मूकपट बनत होता, आणि तो शेतकरी झाला होता तरुण व्ही. शांताराम. अंधाऱ्या झोपडीबाहेर रडणाऱ्या कुत्र्याच्या दृश्याची आठवण जुन्या लोकांनी लिहून ठेवलीये. तिथेही तीच अडचण: कुत्र्याचं रडणं ऐकू येत नाही, दाखवायचं कसं? पेंटर चित्रकार, त्यामुळे उत्तर छायाप्रकाशात शोधलं.

पुढे १९३६मध्ये पेंटरांनी तोच विषय बोलपट म्हणून पुन्हा केला. 'द विंड'च्या प्रती निदान टिकल्या. १९२८ला आपटला तरी १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला. आमचा बापुडा वाचलेल्या आठवणींवर जगतोय.

नांगरट

अवांतर: त्याच्याही आधी, १९१३च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये फाळक्यांनी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींना आणलं. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती पुरुषाने केली होती. त्या मायलेकींवर स्वतंत्र धागा कुणीतरी काढा. कमलाबाई गोखले म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी.

जुनापडदा

धागा काढाच, मी येतो.

तिसरीघंटा, शेवटाबद्दल तुमचं बरोबर असावं. गिशच्या बाजूने एवढंच म्हणेन की तिच्या मनात सिनेमा कादंबरीच्या शेवटावरच संपत असणार, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी 'ठरवलं होतं' आणि 'केलं होतं' यातली रेघ पुसट होते. तोवर ती एकटीच उरली होती सांगायला. शोस्त्रोम १९३०मध्ये स्वीडनला परतला, तिथे दिग्दर्शन जवळजवळ सोडलं, नट म्हणून राहिला. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज'मधले (१९५७) ते म्हातारे प्राध्यापक म्हणजे हाच, आणि १९६०मध्ये गेला. हॅन्सनही बोलपट येताच मायदेशी. इंग्रजी उच्चारांचा प्रश्न होता.

गिश रंगभूमीवर गेली, १९३०मध्ये ब्रॉडवेवर चेखव्हच्या 'अंकल वान्या'त काम केलं. सिनेमात अधूनमधून येत राहिली. 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये (१९५५) मांडीवर बंदूक घेऊन खुर्चीत बसलेली म्हातारी पाहिली की मला हटकून लेटीचं पिस्तूल आठवतं. इथे हात थरथरत नाही, एवढाच फरक. १९८७च्या 'द व्हेल्स ऑफ ऑगस्ट'पर्यंत काम, आणि १९९३मध्ये ९९व्या वर्षी निधन.

नवागत२४

छान चर्चा. मला मूकपट बघायची सवय नाही. हा कुठे आणि कुठली प्रत बघू? जालावर दोन-तीन दिसतायत, एकीत संगीत पेटीसारखं काहीतरी वाजतंय आणि माणसं पळत सुटल्यासारखी वाटतायत.

जुनापडदा

ती पळणारी सोडा, चुकीच्या वेगाने चढवलेली असणार. १९८३ साली केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी 'थेम्स सायलेंट्स' मालिकेसाठी कार्ल डेव्हिसचं वाद्यवृंद-संगीत घालून प्रत तयार केली होती, तिच्या सुरुवातीला खुद्द गिशचं निवेदन आहे. मिळाली तर तीच घ्या. १९२८चा असल्याने २०२४पासून अमेरिकेत सिनेमा स्वामित्वहक्कातून मोकळा झालाय, त्यामुळे जालावर भल्याबुऱ्या प्रतींची गर्दी आहे. सव्वा-दीड तासाच्या आसपासची लांबी बघून घ्या, आणि पहिली वीस मिनिटं फोन लांब ठेवा.

पामडेलकर

आणि कुणी इकडे आलात तर चित्रीकरणाची जागा दाखवायला नेतो म्हणेन, पण तिथे पाटीबिटी काही नाही. जोशुआची झाडं, वाळू, आणि सुटला तर वारा. टोपी घरी ठेवून या.